चार्टर शाळांची मान्यता (अमेरिका)

चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी, पण स्थानिक शिक्षण मंडळाच्या रोजच्या कारभारातून मोकळी केलेली शाळा. अशी शाळा काढू इच्छिणाऱ्या गटाला एक लेखी करार मिळतो. तीच तिची सनद. ती कोणी द्यायची, काय पाहून द्यायची, किती वर्षांसाठी द्यायची आणि कोणत्या कारणाने काढून घ्यायची हे प्रत्येक राज्य स्वतःच्या कायद्याने ठरवते. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख नाही आणि तो विषय राज्यांकडे आहे, त्यामुळे देशभर लागू असा एकच चार्टर कायदाही नाही. एका राज्यात ही सनद विद्यापीठ देते, शेजारच्या राज्यात फक्त राज्याचे शिक्षण मंडळ. २०२१ साली देशात सुमारे ७,८०० चार्टर शाळा होत्या आणि त्यांत सुमारे ३७ लाख मुले शिकत होती. या शाळा चांगल्या की वाईट, हा वाद तीन दशके चालू आहे. शाळेच्या भवितव्यावर सर्वांत मोठा परिणाम करते ती सनद देणारी संस्था. वादात मात्र तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यावरून खाजगी अनुदानित शाळा आठवेल. दोन्हींत संस्था खाजगी आणि पैसा सरकारी. फरक पैसा पोचण्याच्या रीतीत आहे. आपल्याकडे पटावरून संचमान्यता होते, पदे मंजूर होतात आणि शासन त्या पदांचे पगार देते. चार्टर शाळेला पदे मंजूर होऊन येत नाहीत. दर विद्यार्थ्यामागे ठरलेली रक्कम येते, आणि शिक्षक किती नेमायचे, त्यांना किती पगार द्यायचा, जागेचे भाडे कशातून भागवायचे हे शाळेचे संचालक मंडळ पाहते. म्हणून पट फुगवून दाखवण्याचा मोह तिथे थेट रोख रकमेचा असतो. मान्यतेचे बरेच नियम याच मोहाला आवर घालण्यासाठी झाले आहेत.

उगम

शिक्षकांच्या गटाला सनद देऊन नवे प्रयोग करू द्यावेत ही कल्पना रे बड या प्राध्यापकांनी मांडली. १९८८ मध्ये शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी ती जाहीर भाषणातून उचलून धरली. पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला. त्यात राज्यभर फक्त आठ शाळांना मुभा होती. पुढच्या वर्षी सेंट पॉल शहरात सिटी अकॅडमी सुरू झाली, तीही शाळा अर्धवट सोडलेल्या मुलांसाठी. कॅलिफोर्नियाचा कायदा १९९२चा, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, कोलोराडो आणि जॉर्जियाचे १९९३चे. शिक्षकांच्या हाती प्रयोग देण्याचा मूळ हेतू या प्रसारात बराच मागे पडला. पुढे अनेक राज्यांत शाळांच्या साखळ्या आणि व्यवस्थापन कंपन्या पुढे आल्या आणि शँकर स्वतः या चळवळीचे टीकाकार बनले.

सनद कोणाच्या हाती

सर्वांत जुनी रीत म्हणजे स्थानिक शाळा-जिल्ह्याच्या, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक घटकाच्या, मंडळाने सनद देणे. पेनसिल्व्हेनिया (१९९७), फ्लोरिडा (१९९६) आणि कॅलिफोर्नियात मुख्य अधिकार असाच आहे. यात एक उघड अडचण आहे. नवी शाळा निघाली की जिल्ह्याच्या शाळांतली मुले आणि त्यांच्यामागचे पैसे तिकडे जातात, आणि निर्णय तर त्याच जिल्ह्याच्या मंडळाने करायचा. म्हणून या राज्यांत अपिलाची सोय ठेवावी लागली. पेनसिल्व्हेनियात त्यासाठी राज्य पातळीवर वेगळे अपील मंडळ आहे. फ्लोरिडात नाकारलेला अर्जदार राज्य शिक्षण मंडळाकडे जातो. कॅलिफोर्नियात आधी काउंटीकडे (राज्याखालच्या प्रशासकीय विभागाकडे) आणि मग राज्याकडे दाद मागता येते. मात्र २०१९च्या दुरुस्तीने तिथल्या जिल्ह्यांना एक हत्यार मिळाले. नव्या शाळेमुळे आपल्या तिजोरीवर काय ताण पडेल हे कारण ते आता विचारात घेऊ शकतात. ही दुरुस्ती रास्त होती. जिल्ह्यातून काही मुले गेली म्हणून तिथल्या इमारतींचा, बसगाड्यांचा आणि निवृत्तिवेतनाचा खर्च त्याच प्रमाणात उतरत नाही.

मॅसॅच्युसेट्सची रीत याच्या दुसऱ्या टोकाला. तिथे एकच दार आहे, राज्याचे प्राथमिक व माध्यमिक शिक्षण मंडळ. अर्जदाराने आधी छोटा प्रस्ताव द्यायचा, तो पसंत पडला तर पूर्ण अर्ज, मग मुलाखत आणि जाहीर सुनावणी. सनद पाच वर्षांची. जिल्ह्याचा किती पैसा चार्टर शाळांकडे जाऊ शकतो यावर मर्यादा आहे आणि सर्वांत मागे पडलेल्या जिल्ह्यांत ती सैल केली आहे. दरवर्षी बारापर्यंत नव्या शाळांना वाट करून देणारा प्रस्ताव २०१६ मध्ये मतदारांपुढे गेला तेव्हा सुमारे ६२ टक्के लोकांनी तो फेटाळला. शाळांचे निकाल उत्तम असूनही लोकांनी नकार दिला, कारण प्रश्न निकालांपेक्षा गावातल्या नेहमीच्या शाळेच्या पैशाचा होता.

मिशिगनमध्ये राज्य विद्यापीठे सनद देतात. सेंट्रल मिशिगन विद्यापीठ त्यांतले प्रमुख. न्यूयॉर्कमध्ये १९९८च्या कायद्याने राज्य विद्यापीठाचे विश्वस्त मंडळ आणि राज्याच्या शिक्षणावर देखरेख करणारे रीजंट मंडळ या दोघांना अधिकार दिला. ॲरिझोना आणि राजधानी वॉशिंग्टन येथे या कामासाठीच वेगळी मंडळे आहेत. जॉर्जियाने राज्य आयोग नेमला, पण स्थानिक शाळा चालवण्याचा अधिकार घटनेने स्थानिक मंडळांनाच दिला आहे असे म्हणत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो चार विरुद्ध तीन मतांनी रद्द केला. पुढच्याच वर्षी मतदारांनी घटनादुरुस्ती करून आयोग परत आणला. वॉशिंग्टन राज्यातही २०१२ मध्ये सार्वमताने झालेला कायदा २०१५ मध्ये न्यायालयात पडला आणि २०१६ मध्ये पैशाचा स्रोत बदलून पुन्हा करावा लागला.

ओहायोचा धडा

ओहायोने बऱ्याच संस्थांना सनद देऊ दिली, त्यांत ना-नफा संस्थाही होत्या. देखरेखीच्या कामासाठी सनद देणाऱ्याला शाळेच्या निधीतून तीन टक्क्यांपर्यंत शुल्क घेता येते. अशा शुल्काशिवाय देखरेख परवडत नाही हे खरे आहे. पण शाळा बंद केली की शुल्कही बंद होते. एकाने नाकारले की दुसऱ्याकडे, त्यानेही काढून टाकले की तिसऱ्याकडे, अशी शाळांची फिरती तिथे वर्षानुवर्षे चालली.

याचा परिणाम सर्वांत ठळक दिसला तो ईकॉट या ऑनलाइन शाळेत. २००० साली सुरू झालेल्या या शाळेने पंधरा हजारांहून अधिक पूर्णवेळ विद्यार्थ्यांचे पैसे घेतले. राज्याच्या शिक्षण खात्याने २०१५-१६च्या पटाची तपासणी करताना नुसती नोंदणी न पाहता मुले प्रत्यक्ष किती वेळ शिकत होती याचा पुरावा मागितला. तेव्हा सुमारे ६,३०० विद्यार्थ्यांइतकाच हिशेब लागला. सहा कोटी डॉलर परत मागितले गेले, शाळा न्यायालयात हरली, सनद देणाऱ्या संस्थेने हात काढून घेतला आणि जानेवारी २०१८ मध्ये, शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर, शाळा बंद झाली. हजारो मुलांना ऐन वेळी दुसरी शाळा शोधावी लागली. त्याआधी २०१५ मध्येच ओहायोने सनद देणाऱ्यांनाच गुण देण्याचा कायदा केला होता. अगदी खालची श्रेणी मिळाली की अधिकार जातो. मिनेसोटाने २००९ मध्ये तेच केले. तिथे सनद देणाऱ्याला आधी राज्याची मान्यता घ्यावी लागते आणि ठरावीक काळाने त्याचीही तपासणी होते. चार्टर कायद्यांतली ही सर्वांत शहाणी सुधारणा म्हटली पाहिजे, आणि ती सुचायला अठरा वर्षे लागली.

अर्जात काय पाहतात

तपशील राज्यागणिक बदलतात, पण अर्जाचा सांगाडा सारखाच असतो: अभ्यासक्रम, अपेक्षित पट, काही वर्षांचे अंदाजपत्रक, संचालक मंडळावर कोण, इमारत कुठे, अपंग मुलांची सोय कशी, आणि शाळा बंद पडली तर पुढे काय. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढावी लागते. हवी ती मुले निवडून घेता येत नाहीत. नागरी हक्क आणि विशेष शिक्षणाचे केंद्रीय कायदे यांतून कोणतीच सनद सूट देऊ शकत नाही. अनुभवी परीक्षक अंदाजपत्रकात सर्वांत आधी पट पाहतात. दोनशे मुले धरून आखलेल्या शाळेत पहिल्या दिवशी एकशेवीसच आली तर शिक्षकांचे पगार कुठून देणार, याचे उत्तर अर्जात नसेल तर बाकीची पाने कितीही सुंदर असोत, त्यांचा उपयोग नाही.

व्यावसायिक चार्टर शाळा

वेल्डिंग, मोटार दुरुस्ती, नर्सिंग साहाय्यक, बांधकाम असे व्यवसाय शिकवणाऱ्या शाळेला सर्वसाधारण चार्टरची चौकट अपुरी पडते. यंत्रशाळेचा खर्च वर्गखोलीच्या कितीतरी पट असतो. शिकवणारा माणूस वीस वर्षे कारखान्यात काढलेला असतो, पण त्याच्याकडे अध्यापनाची पदविका नसते. अठरा वर्षांखालील मुलांना धोकादायक कामांवर ठेवण्यास केंद्रीय बालकामगार नियमांची बंदी आहे आणि शिकाऊ विद्यार्थ्यांना त्यातल्या काहीच कामांत, तेही अटींसह, सवलत मिळते. केशभूषेसारख्या काही व्यवसायांत ठरलेले तास भरल्याशिवाय परवान्याच्या परीक्षेला बसता येत नाही. हे सगळे मान्यता देतानाच पाहावे लागते. शाळा सुरू झाल्यावर ते निस्तरता येत नाही.

फ्लोरिडाने यासाठी कायद्यात स्वतंत्र कलमच ठेवले आहे. त्यानुसार 'चार्टर तांत्रिक करिअर केंद्र' नव्याने काढता येते किंवा चालू सरकारी केंद्राचे रूपांतर करता येते. सनद जिल्हा शाळा मंडळ देऊ शकते, राज्य महाविद्यालयाचे विश्वस्त मंडळ देऊ शकते, किंवा अशा संस्थांचा एकत्रित गट. महाविद्यालयाला हा अधिकार देण्यामागचा विचार पटण्यासारखा आहे. ही केंद्रे शाळकरी मुलांइतकीच प्रौढांसाठीही असतात, आणि प्रौढांच्या कौशल्यशिक्षणाची जाण शाळा मंडळापेक्षा महाविद्यालयाला जास्त असते. प्रमाणपत्र नसलेल्या पण आपल्या कामात मुरलेल्या लोकांना शिकवण्यासाठी नेमण्याची मुभाही आहे. युस्टिस येथील लेक टेक्निकल कॉलेज हे या कलमाखाली चालणारे केंद्र.

जॉर्जियाचा मार्ग वेगळा. अटलांटाच्या नैऋत्येला कोवेटा काउंटीतल्या न्यूनन गावात २००० साली सेंट्रल एज्युकेशनल सेंटर सुरू झाले. शाळा-जिल्हा, तांत्रिक महाविद्यालय आणि गावातले उद्योजक या तिघांनी मिळून ते उभारले. शाळेतून बाहेर पडणारी मुले कामाला तयार नसतात ही उद्योजकांची तक्रार त्यामागे होती. मुलांची नेहमीची माध्यमिक शाळा सुटत नाही. दिवसातले काही तास ती या केंद्रात येतात आणि तिथे महाविद्यालयाचे श्रेयांकही मिळवतात. राज्यभरच्या 'कॉलेज अँड करिअर अकॅडमी' याच नमुन्यावर निघाल्या. इथे मूल जिल्ह्याच्या हातून जात नसल्याने पैशाचे भांडणही बोथट होते. आयडाहोच्या कायद्यात असेच तत्त्व वेगळ्या शब्दांत आले. तिथे प्रादेशिक व्यावसायिक चार्टर शाळेने किमान दोन शाळा-जिल्ह्यांशी जोडून काम करावे अशी अट घातली गेली. मिशिगनमध्ये डिअरबॉर्न येथे १९९७ पासून हेन्री फोर्ड अकॅडमी चालते, ती थेट हेन्री फोर्ड संग्रहालयाच्या आवारात. तिला सनद दिली ती वेन काउंटीच्या मध्यवर्ती शैक्षणिक संस्थेने.

मूल्यमापनाचा प्रश्न मात्र अजून नीट सुटलेला नाही. सनदेचे नूतनीकरण मुख्यतः वाचन आणि गणिताच्या राज्य चाचण्यांवर ठरते. व्यावसायिक शाळेत येणारे मूल अनेकदा आधीच मागे पडलेले असते आणि त्याची खरी कमाई परवाना, उद्योगाने मानलेले प्रमाणपत्र किंवा पहिली नोकरी यांत दिसते. सनदेतच ही मापे लिहून घेतलेली नसतील तर चांगली यंत्रशाळा चाचणीच्या गुणांवर बंद होऊ शकते, आणि नोकरी न मिळवून देणारी शाळा बऱ्या गुणांवर तगू शकते. केंद्रीय पर्किन्स कायद्याचे व्यावसायिक शिक्षणासाठीचे अनुदान घेताना अशा मापांची आकडेवारी बहुतेक शाळांना द्यावीच लागते. ती सनदेला जोडणे अवघड नाही.

मुदत आणि समाप्ती

फ्लोरिडा आणि मॅसॅच्युसेट्समध्ये पहिली सनद साधारण पाच वर्षांची असते, पेनसिल्व्हेनियात तीन ते पाच. ॲरिझोना आणि राजधानी वॉशिंग्टन येथे ती पंधरा वर्षांची असते आणि मध्ये आढावा घेतला जातो. लांब मुदतीमुळे इमारतीसाठी कर्ज मिळणे सोपे होते, पण मूल पहिलीपासून बारावीपर्यंत जाईल त्याहून ती जास्त आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो केंद्राने २००९ मध्ये सोळा राज्यांचा अभ्यास केला. त्यात गणितात १७ टक्के चार्टर शाळा सरकारी शाळांपेक्षा सरस निघाल्या, तर ३७ टक्के निकृष्ट. त्यानंतर वाईट शाळांच्या सनदा वेळेवर काढून घेण्याचा आग्रह वाढला. त्याच केंद्राच्या २०२३च्या अहवालात चार्टर शाळांतल्या मुलांची सरासरी प्रगती थोडी पुढे दिसते.

सनद देण्याच्या अधिकाराची सीमा अलीकडे ओक्लाहोमात तपासली गेली. तिथल्या मंडळाने जून २०२३ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी एका कॅथलिक ऑनलाइन शाळेला सनद दिली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ती बेकायदा ठरवली. मे २०२५ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात चार-चार अशी बरोबरी झाल्याने तो निकाल कायम राहिला, पण इतर राज्यांना बांधील असे तत्त्व त्यातून निघाले नाही.

शाळा बंद होताना फ्लोरिडासारख्या राज्यांत सार्वजनिक पैशातून घेतलेली मालमत्ता आणि उरलेला निधी सनद देणाऱ्याकडे परत जातो. व्यावसायिक शाळेत त्यात लेथ, वेल्डिंगचे संच आणि रुग्णालयाच्या खाटाही येतात. अर्धे तास भरलेल्या विद्यार्थ्याचे उरलेले तास कोणत्या संस्थेत पूर्ण होतील, याची लेखी व्यवस्था सनद देतानाच करून घ्यावी लागते.