चुना न फासता पांढरं झाड

माझ्या वडिलांनी गंगोत्रीच्या वाटेवरून आणलेला सालीचा एक तुकडा आमच्या पत्र्याच्या पेटीत आहे. परवा तो भाचीला दाखवला, सोबत त्या झाडाचा फोटोही. तिनं लगेच विचारलं, "मामा, तिकडंपण झाडांना चुना फासतात?" सोलापुरात रस्त्याकडेची झाडं चुना-गेरूच्या पट्ट्यांची, त्यामुळे तिचा प्रश्न अगदी रास्त.

हे झाड भूर्ज. गोमुखाच्या वाटेवर सुमारे ३,८०० मीटर उंचीवरच्या भोजबासाला त्याचंच नाव पडलं आहे, भोज म्हणजे भूर्ज. त्याला चुना कुणी फासत नाही, हा पांढरेपणा झाडच तयार करतं. सालीच्या बाहेरच्या मृत पेशींत बेट्युलिन नावाच्या पदार्थाचे बारीक स्फटिक साठतात. युरोपातल्या भूर्जाच्या बाहेरच्या सालीत तो वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत भरतो. १७८८ मध्ये लोविट्झ या रसायनशास्त्रज्ञानं साल तापवून तो वेगळा काढला.

पण गंमत पुढंच आहे. या स्फटिकांना स्वतःचा रंगच नाही! खडीसाखरेचा खडा काचेसारखा दिसतो, तोच कुटला की पांढरा होतो. साखर तीच असते, पण आता प्रकाशाला हवेतून कणात आणि कणातून हवेत असं शेकडो वेळा जावं लागतं. दर सीमेवर थोडा प्रकाश वळतो, थोडा परततो. सगळेच रंग सारखे विखुरतात, म्हणून डोळ्याला पांढरं दिसतं. कागदाचा पांढरेपणाही असाच. म्हणून तर शेंगाचटणीचं तेल सांडलं की कागद तिथं अर्धपारदर्शक होतो: धाग्यांमधल्या हवेच्या जागी तेल शिरतं, तेलाचा आणि धाग्यांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला वळवण्याचं माप, जवळजवळ सारखा, मग प्रकाशाला वळायला कारण उरत नाही.

झाडाला याचा उपयोग काय? थंडीत बर्फावरून परतणारं ऊन खोडावर पडतं. गडद साल दुपारी तापते, सूर्य मावळताच गोठते, आणि आतला वाढीचा थर फुटू शकतो. पांढरी साल ते ऊन परतवते. फळबागेत खोडांना चुना लावतात तो याच हिशेबानं.

बेट्युलिन पाण्याला दूर ठेवतं, बुरशीलाही अडवतं. साल पापुद्र्यांनी सुटते, त्यामुळे लिहायला आयतीच. १८८१ मध्ये पेशावरजवळच्या बख्शालीत शेत खणताना सापडलेलं गणिताचं हस्तलिखित भूर्जपत्रांवरच आहे, त्यात शून्यासाठी टिंब वापरलंय. शतकानुशतकं ते टिकलं ते या गुणांमुळे. 'सिद्ध भूर्जपत्र, धनलाभ नक्की' म्हणून यंत्रं विकणाऱ्यांकडून मात्र पैसे देऊन काही घेऊ नका. सालीत रसायन आहे, मंत्र नाही. शिवाय असल्या मागणीपायी हिमालयातली झाडं सोलली जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्या मे महिन्यातल्या चव्वेचाळीस अंशांत हे झाड जगायचं नाही, त्याला थंडीच हवी. वडिलांनी मात्र खाली पडलेल्या त्या तुकड्यावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: 'भोजबासा, १२ जून १९८६.' भाचीनं बोट फिरवून वाचलं. एकही अक्षर पुसट झालेलं नाही.