भुतडा: डोहाळ्याची माती आणि पांडुरोग

गुजरातीत भूतडो म्हणजे केस धुवायची मऊ, पांढुरकी माती. भाजून ती खातातही. वडोदऱ्याच्या मराठी घरांत तिचा भुतडा झाला, पण सवय गुजरातेतून आलेली नाही. चुलीची माती, खापर, पाटीवरची पेन्सिल खाणाऱ्या बायका आपल्याकडेही जुन्याच. कोरडा तुकडा लाळ शोषून जिभेला चिकटतो आणि पहिल्या पावसासारखा वास येतो. ओढ असते ती याचीच.

हा वास कालिदासाच्या 'रघुवंशा'च्या तिसऱ्या सर्गातही आहे. गर्भवती सुदक्षिणा राणीच्या तोंडाला मातीचा सुगंध येतो आणि तो एकांतात कितीही हुंगला तरी दिलीप राजाचं समाधान होत नाही. वैद्यांना मात्र या खाण्याचं कौतुक नव्हतं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, सोळाव्या अध्यायात पांडुरोगाचे, म्हणजे रक्त कमी होऊन अंग फिकट पडण्याचे, पाच प्रकार आहेत, पाचवा मातीचा. तुरट माती वात वाढवते, खारी पित्त, गोड कफ. गाल, भुवया, पाय सुजतात, कोठ्यात जंत होतात, शौचातून रक्त आणि कफ पडतो. उपचार म्हणजे आधी रेचक देऊन माती बाहेर काढायची, मग औषधी तूप. तरीही सुटेना, तर मातीलाच वावडिंग, अतिविष, कडुनिंबाची पानं, कुटकी यांची भावना द्यायची (त्यांच्या रसात भिजवून वाळवायची), म्हणजे तिचा तिटकारा येतो. माणसाचा स्वभाव ओळखून केलेला उपाय आहे हा.

चरकाच्या मते मातीमुळे पांडू होतो. आता उलटही दिसतं: लोह कमी पडलं की माती, बर्फ, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. त्यात काही माती आतड्यात लोह धरून ठेवते, म्हणजे कमतरता आणखी वाढते.

भाजण्याचा उपयोग अर्धाच. उष्णतेनं जंतांची अंडी मरतात, पण सुपारीएवढा खडा बाहेरून करपला तरी आत कोमट राहू शकतो. शिसं आणि आर्सेनिक तर कितीही भाजलं तरी जात नाही.

गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. सरकारी गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं; चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस. गोळीवर लगेच भुतडा चघळला तर तिच्यातलंही लोह अडकतं. गोळ्या नीट लागू पडल्या की अनेकींची ओढ हिमोग्लोबिन पुरतं वर यायच्या आधीच ओसरते.