पहिल्या ४५ अ‍ॅट-बॅटमध्ये पोरगं कळतं का?

एप्रिल संपत आला की आमच्या ऑफिसच्या लंच टेबलवर दरवर्षी तेच भांडण सुरू होतं. मी न्यू जर्सीत राहतो, टेबलवर निम्मे यांकीजवाले, निम्मे मेट्सवाले (न्यू यॉर्कच्या दोन बेसबॉल टीम), आणि भांडण असतं मायनर लीगमधून, म्हणजे खालच्या दर्जाच्या लीगमधून, नुकत्याच वर आलेल्या कुठल्यातरी बावीस-तेवीस वर्षांच्या पोराचं. एकजण म्हणतो हा पुढचा सुपरस्टार. दुसरा फोन काढून दाखवतो, हे बघ, ४५ अ‍ॅट-बॅट, ८ हिट, .१७८, पाठवा याला परत ट्रिपल-ए मध्ये (मायनर लीगची सगळ्यात वरची पायरी). तिसरा म्हणतो आकडे ठेव बाजूला, मी टँपाला स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये त्याला डोळ्यांनी बघितलंय, त्याच्या बॅटचा आवाजच वेगळा येतो. यंदा तो .१७८ ऐकला आणि मला एकदम १९७० साल आठवलं, म्हणून हे लिहायला बसलो.

क्रिकेटवर वाढलेल्यांसाठी आधी एक खुलासा. बेसबॉलमधलं बॅटिंग अ‍ॅव्हरेज म्हणजे रन भागिले आउट नाही. बॅटर किती वेळा खेळायला उभा राहिला (वॉक वगैरे वगळून) ते झाले अ‍ॅट-बॅट, आणि त्यातल्या किती वेळा त्याने हिट मारून बेस गाठला ते झाले हिट, यांचा भागाकार म्हणजे अ‍ॅव्हरेज. .३०० म्हणजे उत्तम, .२६० च्या आसपास म्हणजे ठीकठाक, .२०० च्या खाली गेलात तर जागा धोक्यात. म्हणजे दहापैकी सात वेळा फसणारा माणूस इथे उत्तम धरला जातो, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर १९७०. यांकीजचा थर्मन मन्सन, नवीन कॅचर, १९६८ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) चौथ्या नंबरला घेतलेला, आणि सुरुवात काय, तर ४५ अ‍ॅट-बॅट, ८ हिट, .१७८. हुबेहूब आमच्या टेबलवरचा आकडा. त्याच्याबद्दलही तेव्हा कुठल्यातरी टेबलवर असंच बोलणं झालं असणार. उरलेल्या सीझनमध्ये तो .३१६ ने खेळला, वर्षाअखेर .३०२, आणि अमेरिकन लीगचा रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू, झाला. पुढे १९७६ मध्ये टीमचा कॅप्टन, त्याच वर्षी एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू.

आता यावर लगेच कुणीतरी म्हणेल की बघा, धीर धरायला हवा. पण तेवढंच सांगायचं असेल तर आपल्या सचिनचं उदाहरणही चाललं असतं, पहिल्या दोन्ही वनडेत शून्य. अशी उदाहरणं दोन्ही बाजूंनी ढिगाने मिळतात. जे जॉनस्टन नावाच्या खेळाडूने त्याच १९७० मध्ये पहिल्या ४५ मध्ये .३३३ मारले आणि उरलेल्या सीझनमध्ये .२२२. जॉर्ज स्कॉटने .२२२ ने सुरुवात केली आणि उरलेल्यात .३०३. एक उदाहरण तुम्ही द्या, दुसरं मी देतो, संध्याकाळ होईल. प्रश्न असा आहे की ४५ अ‍ॅट-बॅटमध्ये माहिती नेमकी किती असते? ती मोजता येते का? येते.

ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९७० च्या सीझनमधले असे १८ खेळाडू घेतले ज्यांचे सुरुवातीच्या एका टप्प्यावर बरोब्बर ४५ अ‍ॅट-बॅट झाले होते, त्यात मन्सन होता, जॉनस्टन होता, स्कॉट होता आणि सगळ्यात वर पिट्सबर्गचा रॉबर्टो क्लेमेंटे, ४५ मध्ये १८ हिट, .४००. या अठरा जणांचं मिळून अ‍ॅव्हरेज होतं .२६५. आणि मग त्यांनी विचारलं की फक्त एवढ्यावरून प्रत्येकाच्या उरलेल्या सीझनचा अंदाज करायचा तर कसा करावा.

सरळ माणूस म्हणेल, ज्याचा जो आकडा तोच त्याचा अंदाज. क्लेमेंटे .४००, मन्सन .१७८. हे का चुकतं ते जरा सावकाश बघू.

समजा एक खेळाडू आहे ज्याची खरी कुवत .२६५ आहे, देवाघरची चिठ्ठी मिळाल्यासारखी आपल्याला ती पक्की माहीत आहे. ४५ अ‍ॅट-बॅटमध्ये त्याचे हिट किती व्हावेत? साधारण १२. पण नाणं शंभर वेळा उडवलं तर दरवेळी पन्नासच छापे येत नाहीत, तसेच इथे दरवेळी १२ च येणार नाहीत. किती इकडेतिकडे होईल त्याचं सूत्र अकरावी-बारावीत येऊन गेलेलं आहे, ४५ गुणिले .२६५ गुणिले .७३५ आणि त्याचं वर्गमूळ. ते येतं जवळपास ३. म्हणजे या माणसाचे हिट साधारण तीनातल्या दोन वेळा ९ ते १५ च्या मधे पडतील. ९ म्हणजे .२००, १५ म्हणजे .३३३. तोच माणूस, तोच हात, तीच नजर, आणि कागदावर एकदा नोकरी जाण्याच्या बेतात दिसतो आणि एकदा ऑल-स्टार! बॉल फील्डरच्या ग्लोव्हजच्या दोन इंच बाजूने गेला की हिट, ग्लोव्हजमध्ये गेला की आउट, बॅटरने दोन्ही वेळा तितकाच चांगला मारलेला असतो.

आता इथून खरी गंमत. अठरा जणांचे आकडे .१५६ पासून .४०० पर्यंत पसरलेत. हा पसारा दोन गोष्टींमुळे आला, खरी कुवत वेगवेगळी असल्यामुळे आणि नुसत्या योगायोगामुळे. योगायोगाचा वाटा आपण आत्ताच काढला, तीन हिट भागिले ४५ म्हणजे .०६६. एकूण पसारा आकड्यांवरून काढता येतो, तो येतो .०७० च्या आसपास. म्हणजे अठराच्या अठरा जण अगदी सारख्या कुवतीचे असते तरी जवळजवळ एवढाच पसारा दिसला असता! वर्ग करून वजाबाकी केली (पसाऱ्याची ही मापं, म्हणजे प्रमाण विचलनं, थेट वजा करायची नसतात, त्यांचे वर्ग वजा करायचे, आणि छेदात १८ च्या जागी १५ येतात त्याचं कारण इथे सांगत बसलो तर लेख संपणार नाही) की कळतं की दिसणाऱ्या फरकातला फक्त .२१२ हिस्सा खरा आहे. एकवीस टक्के. बाकी एकोणऐंशी टक्के हवा.

मग अंदाज असा करायचा: .२६५ पासून खेळाडू जितका लांब, त्याच्या .२१२ पटच लांब त्याला ठेवायचा. क्लेमेंटे .४०० वरून खाली .२९४ वर येतो. मन्सन .१७८ वरून वर .२४७ वर जातो. सगळ्यांना गर्दीकडे ओढायचं.

सीझन संपल्यावर ताडून बघितलं तर १८ पैकी १६ जणांच्या बाबतीत हा ओढलेला अंदाज साध्या अ‍ॅव्हरेजपेक्षा जवळचा निघाला. चुकांच्या वर्गांची बेरीज साध्या पद्धतीने .०७७, ओढलेल्या पद्धतीने .०२२. साडेतीन पट फरक, आणि तोही कुठल्याही जादा माहितीशिवाय, त्याच अठरा आकड्यांतून. या मागचं प्रमेय स्टॅनफर्डच्या चार्ल्स स्टाइनने १९५६ मध्ये मांडलं आणि १९६१ मध्ये विलार्ड जेम्सबरोबर त्याचं सूत्र दिलं, ते म्हणतं की तीन किंवा जास्त गोष्टींचे अंदाज एकत्र करायचे असतील तर प्रत्येकाची आपापली सरासरी घेणं ही कधीच सगळ्यात चांगली पद्धत नसते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तीन दिवस अस्वस्थ होतो. जॉनस्टनच्या हिटवरून मन्सनचा अंदाज का सुधारावा, दोघं तेव्हा वेगवेगळ्या टीममध्ये खेळत होते. पण गणित पक्कं आहे, एखाद्याचा अंदाज बिघडू शकतो, सगळ्यांचा मिळून सरासरीने सुधारतोच.

ज्यांना वर्गमूळं नकोत त्यांच्यासाठी मी याच आकड्यांवरून एक सोपा हिशोब काढून ठेवलाय. प्रत्येक खेळाडूला १६७ अ‍ॅट-बॅट उधार द्यायचे, सगळे सरासरी दर्जाचे, म्हणजे त्यात ४४ च्या आसपास हिट. मन्सनचे स्वतःचे ४५ आणि उधारीचे १६७ मिळून २१२, हिट ८ अधिक ४४ म्हणजे ५२, भागाकार .२४७ च्या आसपास. तेच उत्तर. जसजसे त्याचे स्वतःचे अ‍ॅट-बॅट वाढत जातात तशी उधारी फिकी पडत जाते. १६७ स्वतःचे झाले की निम्मं त्याचं निम्मं गर्दीचं, ५०० झाले की पाऊण हिस्सा त्याचा.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर क्लेमेंटेच्या बाबतीत ही पद्धत चांगलीच कमी पडली. उरलेल्या सीझनमध्ये तो .३४६ ने खेळला, अंदाज होता .२९४. आणि हे तेव्हाच कुणीही सांगू शकलं असतं, कारण हा काही नवखा पोरगा नव्हता, ३५ वर्षांचा, चार वेळा नॅशनल लीगमध्ये सगळ्यात जास्त अ‍ॅव्हरेज मिळवलेला माणूस. त्याला अनोळखी गर्दीकडे ओढणं चूक, त्याला त्याच्याच पंधरा वर्षांकडे ओढायला हवं. म्हणजे खरा वाद ओढायचं की नाही हा नाहीच, कुठल्या गर्दीकडे ओढायचं हा आहे!

आणि माझ्या मते टेबलवरचं सगळं भांडण इथे येऊन थांबायला हवं. आकडेवाला ४५ अ‍ॅट-बॅटना जवळजवळ पूर्ण मार्क देतो, ते चूक. पण बॅटचा आवाज ऐकून आलेला माणूस जे सांगतो ती माहिती असते, ती गर्दी निवडायच्या कामाची असते. स्काउट, म्हणजे टीमसाठी नवे खेळाडू हेरणारे लोक, हेच काम करतात. ते प्रत्येक पोराला हिटिंग, पॉवर, धावणं, फील्डिंग आणि थ्रो यांसाठी २० ते ८० मधले मार्क देतात, ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी, आणि दर १० मार्क म्हणजे तत्त्वतः एक प्रमाण विचलन, म्हणून ८० म्हणजे हजारात एखादा. वयही तसंच. माइक ट्राउट २०११ च्या जुलैमध्ये एंजल्सकडून पहिल्यांदा खेळला तेव्हा १९ वर्षांचा होता, त्या वर्षी १२३ अ‍ॅट-बॅटमध्ये .२२०. नुसता आकडा बघितला तर सामान्य. पण एकोणिसाव्या वर्षी मेजर लीगमध्ये उभं राहू दिलेली पोरं किती असतात, आणि त्यांतली पुढे किती मोठी झाली, त्या छोट्या गर्दीकडे त्याला ओढला असता तर पुढच्या वर्षीचे .३२६, ३० होमरन आणि ४९ चोरलेले बेस बघून एवढा धक्का बसला नसता.

शिवाय सगळेच आकडे इतके लबाड नसतात. स्ट्राईकआउटचं (तीन स्ट्राईक होऊन आउट होण्याचं) प्रमाण लवकर स्थिरावतं, कारण त्यात फील्डर नाही, ग्लोव्हजची ती दोन इंच नाहीत, फक्त पिचर (बॉल टाकणारा) आणि बॅटर. बॉल बॅटवरून किती वेगाने निघाला हे २०१५ पासून मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर मोजतात, तेही तसंच. म्हणून .१७८ वाल्या पोराचं मी आधी हे दोन आकडे बघतो, अ‍ॅव्हरेज नंतर.

पण मोजायला सोपं ते पुरेसं, असंही नाही. २००८ मध्ये भारतात सगळ्यात वेगाने बॉल फेकणारी पोरं शोधायची स्पर्धा झाली, त्यातून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघेही भालाफेकीतले, पिट्सबर्ग पायरेट्सने करारावर घेतले. वेग रडार गनवर लगेच कळतो. बॉल हवा तिथे टाकणं, बॅटरला फसवणं, हे लहानपणापासून हजारो बॉल टाकून अंगात येतं आणि ते कुठल्या गनवर दिसत नाही. दोघांनी मनापासून कष्ट केले, मायनर लीगमध्ये खेळले, मेजरपर्यंत मात्र पोचले नाहीत. मला त्यांच्याबद्दल आजही आदर वाटतो.

जाता जाता सोफोमोर स्लंपबद्दल. पहिलं वर्ष गाजवलेला खेळाडू दुसऱ्या वर्षी घसरतो, याला इथे लोक शाप म्हणतात, मासिकाच्या कव्हरवर आला म्हणून नजर लागली म्हणतात, आणि हिट चालू असताना मोजे न धुणारे खेळाडू खरोखर असतात. आपल्याकडे तर नावाच्या स्पेलिंगमध्ये एक जादा ए घालायला हजारो रुपये घेणारे बसलेत. शाप कसला, ज्यांचं पहिलं वर्ष सगळ्यात गाजलं त्यांनाच तर आपण निवडून बघतो, म्हणजे ज्यांना नशिबाने सगळ्यात जास्त हात दिला तेच. पुढच्या वर्षी नशीब नेहमीसारखं झालं की माणूस आपल्या खऱ्या कुवतीवर येतो, जसा मन्सन खालून वर आला तसाच हा वरून खाली येतो. घसरल्यावर कुणी ताईत बांधला आणि नंतर सुधारणा झाली तर श्रेय ताईताला जातं, आणि पोराने उन्हात जी मेहनत केली ती कुणी मोजत नाही, याचा मला फार राग येतो.

परवा टेबलवर मी पेपर नॅपकिनवर उधारीचा हिशोब करून दाखवला, .१७८ चे .२४७ झाले. आकडेवाला म्हणाला, म्हणजे ठेवायचा? म्हटलं स्ट्राईकआउट फार नाहीयेत, ठेव, आणि २०० अ‍ॅट-बॅट होऊ देत. तेव्हा त्याचा स्वतःचा हिस्सा .२१ चा .५५ झालेला असेल, परत मांडू. त्याने नॅपकिन घडी करून पाकिटात ठेवलाय.