यांत्रिक कंपन चाचणी यंत्राची पार्श्वभूमी

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला. मागचे डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. चांगले भक्कम दिसणारे आस अचानक का मोडतात, हा प्रश्न त्यानंतर इंजिनिअर मंडळींना सोडेना. त्याचे ठोस उत्तर जर्मन रेल्वेतील ऑगस्ट व्योलर यांनी शोधले. धावत्या गाडीत आसाला किती बाक येतो, हे त्यांनी आधी जस्ताच्या पत्र्यावर ओरखडे उमटवणाऱ्या उपकरणाने मोजले. मग तसाच ताण पुन्हापुन्हा देणारी यंत्रे बांधली. एकदाच दिला तर धातू सहज पेलतो असा भारही लाखो वेळा दिल्यावर त्याला मोडतो, हे १८७० पर्यंत त्यांनी दाखवून दिले. आधी प्रत्यक्ष जागेवर मोजायचे आणि मग तेच यंत्रावर घडवायचे, हा त्यांचा क्रम मला या इतिहासातला सर्वांत मोलाचा वारसा वाटतो. आजही चाचणी फसते ती बहुधा हा क्रम उलटा केल्यामुळे.

व्योलर यांची यंत्रे संथ होती. ती वाकवत, थरथरवत नसत. वस्तूला मुद्दाम थरथरवून ती टिकते का हे पाहणाऱ्या, म्हणजे कंपन चाचणीच्या यंत्राचे मूळ वेगळ्याच ठिकाणी आहे : फिरत्या शाफ्टच्या (दांड्याच्या) दोषात. यंत्रांचे, पुढे वाफेच्या टर्बाइनचे, वेग वाढले आणि जरासे असंतुलनही (वजन आसाभोवती सारखे वाटलेले नसणे) सगळे यंत्र हादरवू लागले. संशोधकांपैकी रँकिन यांनी १८६९ मध्ये, डंकर्ले यांनी १८९४ मध्ये आणि जेफकॉट यांनी १९१९ मध्ये या हादऱ्यांचे गणित मांडले. त्या गणितातच युक्ती दडलेली होती. सारख्या वजनाचे दोन एक्सेंट्रिक, म्हणजे मध्यापासून सरकवून बसवलेले, तुकडे गिअरने जोडून उलटसुलट फिरवले, तर त्यांचे आडवे बल एकमेकांना मारते आणि उभे बल एकवटते. ज्या असंतुलनाने यंत्रे बिघडत, तेच आता हवे तेव्हा, हव्या त्या दिशेला वापरता येऊ लागले.

मात्र हे बल वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट, तर बल चौपट. म्हणून कमी वेगाला यंत्र जेमतेम हलते आणि जास्त वेगाला बेअरिंगवर घाला घालते. १९३५ मध्ये जर्मनीत फॉन श्लिपे यांनी उडत्या विमानाला मुद्दाम कंप देऊन पंखांची फडफड तपासण्याची पद्धत मांडली, तिथेही असंतुलित वजनेच फिरवली जात. १९३८ मध्ये अशाच चाचणीत युंकर्स यू ९० विमान कोसळले. कंप देण्याची आणि मोजण्याची तेव्हाची साधने किती तोकडी होती, ते त्यातून कळले.

दुसरी वाट क्रँक आणि कॅमची, म्हणजे फिरण्याचे वरखाली हालचालीत रूपांतर करणाऱ्या भागांची. इथे बल नव्हे, हालचाल ठरलेली असते. वस्तू ज्यावर बसवतात ते टेबल दर फेरीला तेवढेच वरखाली होते. अमेरिकी लष्करी मानकातली १० ते ५५ हर्ट्झची (सेकंदाला तितक्या वेळा वरखाली होण्याची) जुनी चाचणी या रचनेला अगदी साजेशी आहे : एकूण हालचाल सुमारे १.५ मिलिमीटर, वारंवारता मिनिटभरात खालून वर आणि परत खाली. हालचाल तीच राहिली, तरी १० हर्ट्झला त्वरण (वेग बदलण्याचा दर) गुरुत्वाच्या जेमतेम ०.३ पट असते आणि ५५ हर्ट्झला नऊ पटींच्या वर जाते. वरच्या टोकाला पिनांमधली किंचित ढिलाईसुद्धा ठोके देऊ लागते. मग मोजमापात वस्तूचा कंप किती आणि यंत्राचा खडखडाट किती, हे वेगळे काढणे अवघड होते.

जेट इंजिने आणि क्षेपणास्त्रे आली तेव्हा शेकडो, हजारो हर्ट्झचा अनियमित कंप लागू लागला. ते काम लाउडस्पीकरच्या तत्त्वावर चालणाऱ्या विद्युतचुंबकीय शेकरकडे (कंप देणाऱ्या यंत्राकडे) गेले. जड खोकी आणि लांब पल्ल्याची संथ हालचाल मात्र यांत्रिक टेबलाकडेच राहिली. खोके वाहतूक सोसते का हे पाहणाऱ्या चाचणीत एक इंच हालचाल देणारे टेबल साडेचार हर्ट्झच्या आसपास गेले की त्वरण गुरुत्वाला ओलांडते आणि खोके टेबल सोडून उसळू लागते. चाचणीला हवे असते तेही हेच.

आता मोटरचा वेग ड्राइव्हने (वेग बदलणाऱ्या विद्युत नियंत्रकाने) हवा तसा बदलता येतो. तरी बांधणीतला जुना पेच सुटलेला नाही. जमिनीला हादरे बसू नयेत म्हणून यंत्र मऊ स्प्रिंगांवर ठेवतात. त्या स्प्रिंगांवर यंत्र ज्या वारंवारतेने आपोआप डोलते, ती स्वाभाविक वारंवारता चालू वेगाच्या बरीच खाली असते. त्यामुळे सुरू होताना आणि बंद पडताना यंत्राला दर वेळी त्या अनुनादातून, म्हणजे दोन्ही वारंवारता जुळून हालचाल एकदम वाढण्याच्या टप्प्यातून, जावेच लागते. बंद पडताना ते तिथे जास्त वेळ रेंगाळते. म्हणून डँपर (कंप शमवणारा भाग) आणि ब्रेक यांची आखणी मोटरइतक्याच काळजीने करावी लागते.