बंदूक

बंदूक (स्त्री.; अनेकवचन बंदुका) : दस्ता खांद्याला टेकवून, दोन्ही हातांनी धरून झाडायचे लांब नळीचे हत्यार. शब्द मूळचा अरबी, आणि गंमत म्हणजे खाण्याच्या वस्तूचा. 'बुंदुक' म्हणजे हेझलनट, हे टणक कवचाचे फळ. त्या आकाराच्या गोळीलाही बुंदुक म्हणू लागले. दारूगोळा येण्याआधी अशा गोळ्या धनुष्याने मारत. पुढे गोळीचे नाव हत्याराला चिकटले आणि फारसीमार्गे मराठीत आले. आजच्या अरबीत बुंदुक हे फळच आहे, रायफलीला 'बुंदुकिय्या' म्हणतात.

जुन्या मराठीत तुर्की मुळाचा 'तुपक' हा शब्दही होता. तमिळने तो 'तुप्पाक्की' म्हणून जपला, मराठीत मागे पडला. पिस्तूल आणि काडतूस हे शब्द पोर्तुगिजांकडून आले.

प्रकारांची नावे बार कसा भरतात किंवा कसा पेटवतात त्यावरून पडली. तोड्याच्या बंदुकीत पेटती सुती वात, म्हणजे तोडा, कान्यातल्या, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या छोट्या वाटीतल्या, दारूला भिडे. पावसात तोडा भिजला की हातात नुसती काठी उरे. ठासणीच्या बंदुकीत दारू तोंडाकडून ओततात, वर चिंधी घालून गजाने ठासतात, मग छरे, पुन्हा चिंधी, पुन्हा गज. एवढ्या वेळात डुक्कर रान ओलांडून जाते. तरी कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती अजून घरोघर दिसते, आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करावी लागते.

बोलण्यात पिस्तुलाला सहसा कोणी बंदूक म्हणत नाही, पण बातमीत 'बंदुकीचा धाक दाखवून' लुटणाऱ्याच्या हाती बहुधा पिस्तूल किंवा गावठी कट्टाच असतो. दोन्ही मावतील असा शब्द कायद्याच्या मराठीत आहे, 'अग्निशस्त्र'. तो कागदाबाहेर फारसा पडला नाही. जुन्या व्याख्येने हातात धरून चालवायचे ते शस्त्र, फेकायचे ते अस्त्र. बंदूक हातात राहते आणि गोळी सुटते, तेव्हा तिला कुठे बसवायचे हा प्रश्नच आहे.

'घोडा' हा बंदुकीचा ठिणगी पाडणारा भाग, बोट ठेवायचा तो चाप. 'घोडा दाबला' असे सर्रास लिहितात, पण दाबला जातो तो चाप. मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत तर घोडा म्हणजे अख्खे पिस्तूल.