स्वप्रकाशन

लेखकाने आपले पुस्तक प्रकाशनसंस्थेकडे न सोपवता स्वतःच्या निर्णयाने, खर्चाने आणि जबाबदारीवर वाचकांपर्यंत पोहोचवणे, याला स्वप्रकाशन म्हणतात. हे काम नियमितपणे, व्यवसाय म्हणून करणाऱ्याला स्वतंत्र किंवा ‘इंडी’ लेखक म्हटले जाते. प्रकाशक नसला तरी प्रकाशकाचे काम कुठेही जात नाही. संपादन, मुद्रितशोधन, मांडणी, मुखपृष्ठ, छपाई, वितरण, जाहिरात, हिशेब हे सगळे करावेच लागते. ते कोणाकडून करून घ्यायचे हे लेखक ठरवतो आणि पुस्तक पडून राहिले तर तोटाही तोच सोसतो. ही जोखीम हीच स्वप्रकाशनाची खरी खूण. पुस्तक कागदी आहे की ई-पुस्तक, यावरून ते ठरत नाही.

लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या संस्था याच नावाखाली धंदा करतात, पण तो प्रकार वेगळा आहे. त्या निर्मितीखर्च आणि वर नफा लेखकाकडूनच वसूल करतात. शिवाय अनेकदा करारात हक्कही स्वतःकडे ठेवतात. नफा आधीच हाती आल्यामुळे पुस्तक विकले गेले काय आणि न गेले काय, त्यांना फारसा फरक पडत नाही. लेखकाच्या वाट्याला प्रकाशकाची जोखीम येते, अधिकार मात्र येत नाहीत. पैसा लेखकाच्या दिशेने वाहिला पाहिजे, हा अमेरिकन लेखक जेम्स मॅकडोनाल्ड यांचा नियम अशा वेळी कामी येतो. स्वप्रकाशनात खर्च लेखकच करतो, पण तो प्रकाशक या नात्याने. म्हणून विक्रीतला प्रकाशकाचा वाटाही त्याचाच. करार वाचताना हक्क कोणाकडे राहतात, आयएसबीएन हा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक कोणाच्या नावावर असेल, छपाईच्या मूळ फाइली कोणाला मिळतील आणि करार कसा संपवता येईल, एवढे तपासले तरी पुष्कळ गोष्टी उघड होतात.

पूर्वपीठिका : लेखकाने स्वखर्चाने पुस्तक काढण्याची चाल जुनीच आहे. जोखीम आणि हक्क यांचे नाते इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टेन यांच्या पहिल्या दोन पुस्तकांत जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच कुठे दिसेल. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ १८११ मध्ये प्रकाशक टॉमस एगर्टन यांनी काढले, पण कमिशनवर. तोटा झाला तर तो लेखिकेने भरून द्यायचा होता. तोटा झाला नाही. पहिल्या आवृत्तीतून त्यांना १४० पौंड मिळाले आणि हक्कही त्यांच्याकडेच राहिले. १८१३ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे हक्क मात्र त्यांनी एगर्टन यांना एकरकमी ११० पौंडांना विकले. हे पुस्तक जास्त चालले आणि पुढच्या आवृत्त्यांचा नफा एगर्टन यांच्या खिशात गेला.

विल्यम ब्लेक हा कवी स्वतःच तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे आणि चित्रे कोरून छापत असे आणि पत्नी कॅथरीनच्या मदतीने प्रती हाताने रंगवत असे. वॉल्ट व्हिटमनने १८५५ मध्ये ‘लीव्हज ऑफ ग्रास’ स्वखर्चाने छापले, काही पानांचे खिळेही स्वतः जुळवले. पुढे त्याने निनावी परीक्षणे लिहून आपल्याच पुस्तकाची तोंड भरून स्तुती केली. खोटी परीक्षणे ही इंटरनेटची देणगी आहे असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. बिअट्रिक्स पॉटर यांनी नकार पचवल्यावर १९०१ मध्ये सशाच्या गोष्टीच्या २५० प्रती खासगीरीत्या छापून घेतल्या आणि पुढच्याच वर्षी एका प्रकाशनसंस्थेने ते पुस्तक बाजारात आणले. मार्सेल प्रूस्तच्या महाकादंबरीचा पहिला भागही १९१३ मध्ये त्याच्याच पैशांनी निघाला.

सोव्हिएत रशियातील ‘समिझदात’चे कारण निराळे होते. सेन्सॉरने अडवलेला मजकूर लोक टंकलेखन यंत्रावर कार्बन कागद घालून उतरवत आणि हातोहात फिरवत. तिथे जोखीम पैशांची नव्हती, तुरुंगाची होती. जपानमध्ये हौशी चित्रकथाकारांची स्वप्रकाशित पुस्तके ‘दोजिन्शी’ म्हणून ओळखली जातात. त्यांची कोमिकेट ही जत्रा १९७५ पासून टोकियोत भरते.

मागणीनुसार मुद्रण : ऑफसेट छपाईत प्लेट आणि यंत्राची जुळवाजुळव यांचा खर्च एक प्रत छापा की हजार, तेवढाच येतो. त्यामुळे स्वस्तात पडावे म्हणून लेखक मोठी आवृत्ती काढत आणि मग गठ्ठे घरात पडून राहत. डिजिटल छपाईने हे गणित बदलले. मागणी नोंदली गेल्यावरच प्रत छापायची. प्रतीमागे खर्च थोडा जास्त, पण साठा शून्य. इन्ग्रॅम या अमेरिकन घाऊक पुस्तकविक्रेत्या कंपनीने १९९७ मध्ये अशी सेवा सुरू केली, २००२ मध्ये लुलू ही स्वप्रकाशनाची ऑनलाइन सेवा आली. ॲमेझॉनने नोव्हेंबर २००७ मध्ये किंडल वाचनयंत्र आणले, तेव्हाच लेखकांना थेट ई-पुस्तके विक्रीला ठेवता येतील अशी सोयही उघडली. तीच आज केडीपी (किंडल डायरेक्ट पब्लिशिंग) या नावाने चालते.

मागणीनुसार मुद्रणात छापखान्यातला जाणता माणूस मध्ये नसतो, म्हणून मोजमापे लेखकालाच सांभाळावी लागतात. ६ बाय ९ इंच आकाराचे ३०० पानांचे पुस्तक घ्या. केडीपीच्या क्रीम कागदासाठी दर पानामागे ०.००२५ इंच जाडी धरतात, म्हणजे कणा ०.७५ इंच. दर्शनी पृष्ठ, मलपृष्ठ आणि कणा मिळून १२.७५ इंच, दोन्ही कडांना छाटणीसाठी ०.१२५ इंच सोडले की मुखपृष्ठाची फाइल बरोबर १३ इंच रुंद हवी. शेवटच्या तपासणीत वीस पाने कमी झाली तर कणा ०.७० इंचांवर येतो आणि त्यावरचे शीर्षक बाजूला सरकते. उलट ३०० च्या वर पाने गेली तर बांधणीकडचा किमान समास ०.५ वरून ०.६२५ इंच होतो, ओळी आखूड होतात आणि पाने आणखी वाढतात. म्हणून मजकूर पक्का झाल्याशिवाय मुखपृष्ठ अंतिम करत नाहीत. घाईत असलेले नवे लेखक नेमके उलट करतात.

ई-पुस्तकात ठरीव पान नसते. वाचक अक्षर मोठे करतो तसा मजकूर वाहत जातो. तिथे मोजपट्टीची गरज नाही, पण प्रकरणांचे दुवे, तळटीपा आणि चित्रे नीट बसवावी लागतात. युनिकोडपूर्व फाँटमधला देवनागरी मजकूर असेल तर तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो, आणि त्या रूपांतरात रफार व जोडाक्षरे हटकून बिघडतात. एक मुद्रितशोधन त्यानंतर पुन्हा करणे अटळ असते.

संपादन : सर्वांत कमी खर्च केला जातो तो यावर, आणि सर्वांत जास्त नुकसान होते तेही यामुळेच. संहितेचा सांगाडा तपासणारे संपादन, वाक्यावाक्याचे भाषिक संपादन आणि शेवटचे मुद्रितशोधन ही तीन वेगळी कामे आहेत. एकाच वाचनात ती उरकत नाहीत. प्रकाशनसंस्थेत ‘हे प्रकरण काढून टाका’ असे सांगणारा कोणीतरी असतो. स्वतंत्र लेखकाला असा माणूस पैसे देऊन आणावा लागतो, आणि त्याचे ऐकायचे की नाही हेही स्वतःच ठरवावे लागते. दुसरी गोष्ट बहुधा जास्त जड जाते.

ओळख आणि विक्री : छापील आणि ई-पुस्तक अशा प्रत्येक रूपासाठी स्वतंत्र आयएसबीएन लागतो. भारत आणि कॅनडात तो मोफत मिळतो, अमेरिका आणि ब्रिटनमध्ये विकत घ्यावा लागतो. किंडल ई-पुस्तकाला तो सक्तीचा नाही. केडीपीवर छापील पुस्तकासाठी फुकट क्रमांक मिळतो, पण मग प्रकाशकाच्या जागी लेखकाने ठेवलेले नाव न येता ‘इंडिपेंडंटली पब्लिश्ड’ असे छापले जाते.

छापील पुस्तकावर प्रकाशनसंस्थेकडून लेखकाला साधारण दहा टक्क्यांच्या आसपास स्वामित्वधन मिळते. केडीपीवर अमेरिकेच्या बाजारात २.९९ ते ९.९९ डॉलर किमतीच्या ई-पुस्तकावर ७० टक्के मिळू शकतात. या मर्यादेबाहेर ३५ टक्के. आकडा मोठा दिसतो, पण संपादक, चित्रकार आणि जाहिरात यांची बिले त्यातूनच भागवायची असतात. ‘किंडल अनलिमिटेड’ या वर्गणी भरून वाचण्याच्या सेवेत पुस्तक ठेवले तर वाचल्या गेलेल्या पानांवर मोबदला मिळतो, मात्र ते ई-पुस्तक ९० दिवसांच्या मुदतीत अन्यत्र विकता येत नाही. एकाच दुकानावर विसंबायचे की सर्वत्र पसरायचे, यावर स्वतंत्र लेखकांमध्ये कायम वाद चालतो. प्रेमकथा, रहस्यकथा, अद्भुतिका यांच्या मालिका इथे चांगल्या चालतात, कारण एक भाग आवडलेला वाचक पुढचा मागतोच. कविता आणि वैचारिक लेखनाला हा मार्ग फारसा पावत नाही.

पुस्तकांच्या दुकानात शिरकाव करणे सर्वांत कठीण. दुकानदाराला ४० टक्क्यांच्या घरात सूट हवी असते आणि न विकलेल्या प्रती परत करण्याची मुभाही. एकेक प्रत छापणाऱ्याला दोन्ही परवडत नाही. बुकर पारितोषिकाच्या नियमांतही लेखकाने स्वतः प्रकाशित केलेली पुस्तके बसत नाहीत.

पुढे प्रकाशक दारात आले, अशीही उदाहरणे आहेत. अँडी वीअर यांनी ‘द मार्शन’ ही कादंबरी आधी आपल्या संकेतस्थळावर क्रमशः दिली, २०११ मध्ये किंडलवर ९९ सेंट्सना ठेवली आणि २०१४ मध्ये ती क्राउन या संस्थेतर्फे आली. ह्यू हॉवी यांनी ‘वूल’चे फक्त छापील हक्क सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेला दिले, ई-पुस्तकाचे स्वतःकडे ठेवले. उलट प्रवासही होतो: प्रस्थापित लेखक ब्रँडन सँडरसन यांनी २०२२ मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून निधी जमवण्याच्या संकेतस्थळावर चार कादंबऱ्यांसाठी ४ कोटी १० लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. अर्थात वाचकवर्ग त्यांनी आधीची अनेक वर्षे प्रकाशनसंस्थांमार्फतच मिळवला होता.

कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेल्या पुस्तकांचा लोंढा ही अलीकडची अडचण. सप्टेंबर २०२३ मध्ये केडीपीने एका खात्यावरून दिवसाला नवीन पुस्तके जास्तीत जास्त तीनच, अशी मर्यादा घातली. मजकूर, चित्रे किंवा अनुवाद यंत्राने तयार केला असल्यास तसे कंपनीला कळवणेही सक्तीचे केले; लेखकाने स्वतः लिहून यंत्राकडून नुसते तपासून घेतले असेल तर कळवावे लागत नाही. ही माहिती पुस्तकाच्या विक्रीपानावर वाचकाला मात्र दाखवली जात नाही.