नाशिकमध्ये बांधकाम परवानगी घेताना रेन वॉटर हार्वेस्टिंग: कोणाला लागू, कागद कोणते

आमच्या सोसायटीत रेन वॉटर हार्वेस्टिंग आहे, असं मंजूर नकाशा सांगतो. मागच्या उन्हाळ्यात बोअर आटलं तेव्हा आम्ही तिघं तोच नकाशा हातात घेऊन पार्किंगमध्ये फिरलो. नकाशात खड्डा दाखवलेल्या जागी पेव्हर ब्लॉक बसवलेले. चार ब्लॉक उचलून पाहिले, खाली नुसता मुरूम. भोगवटा दाखला, म्हणजे इमारत वापरायला महापालिकेने दिलेली परवानगी, मात्र फायलीत अगदी व्यवस्थित.

तर आधी नियम. राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली, म्हणजे आर्किटेक्टांच्या तोंडी असणारी 'युडीसीपीआर', डिसेंबर २०२० मध्ये आली आणि ती नाशिक महापालिका हद्दीतही चालते. तिच्या १३.३ क्रमांकाच्या नियमानुसार ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर नवीन बांधकाम, पुनर्बांधणी किंवा वाढीव बांधकाम करायचं तर पावसाचं पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची सोय बंधनकारक आहे. गुंठ्यांत मोजणाऱ्यांसाठी: पाच गुंठे म्हणजे साधारण ५०६ चौरस मीटर. म्हणजे पाच गुंठेवाला नियमात बसतो. जुन्या इमारतीवर नुसता मजला चढवायचा असेल तरी हाच नियम, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

अर्ज वेगळा करावा लागत नाही. बांधकाम परवानगीच्या अर्जातच हे येतं. तो आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअरमार्फत ऑनलाइन भरला जातो आणि नगररचना विभागाकडे जातो. मालकाने द्यायचे कागद नेहमीचेच: ताजा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, खरेदीखत, मोजणी नकाशा, मंजूर लेआउटची प्रत, मालक अनेक असतील तर सगळ्यांची संमती किंवा मुखत्यारपत्र. सातबाऱ्यावर वारसांची नोंद राहिली असेल तर ती आधी लावून घ्या, फाइल तिथेच अडते. सोसायटी असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवा.

खरी मेख नकाशात असते. खड्डा कुठे, किती खोल, गच्चीचे पाइप कुठून येणार, हे नकाशावर आहे का ते सही करण्याआधी बघा. नियमावलीत मापं दिलेली आहेत. चौकोनी खड्डा १.२ मीटर लांब-रुंद आणि २ ते २.५ मीटर खोल. तळाला ४० मिमी खडी, तीही निम्म्या खोलीपर्यंत. तिच्यावर २० मिमी खडी, मग जाड वाळू आणि सगळ्यात वर बारीक वाळूचा पातळ थर. दर १०० चौरस मीटर छताला १०० मिमीचे किमान दोन पाइप, तोंडाला डास अडवणारी जाळी. शिवाय पहिल्या पावसाचं गच्ची धुतलेलं पाणी बाहेर सोडायला व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह बहुतेक ठिकाणी नसतो, आणि मग गच्चीवरचा कचरा अन् कबुतरांची घाण थेट बोअरमध्ये जाते. पार्किंगचं ऑइल मिसळलेलं पाणी तर बोअरकडे वळवूच नका.

खणताना आणखी एक. नाशिकच्या बऱ्याच भागात वर काळी माती आणि खाली बेसाल्ट. काळ्या मातीतच खड्डा संपला तर पाणी जिरत नाही, डबकं होतं. मुरूम लागेपर्यंत जायला हवं. इमारतीच्या पायाला धोका होणार नाही अशी जागा निवडणं हीही नियमातलीच अट आहे.

काम झालं की आर्किटेक्ट पूर्णत्वाचा दाखला नियमावलीच्या परिशिष्ट जी मधल्या नमुन्यात देतो, महापालिका भोगवटा दाखला परिशिष्ट एच मध्ये. फ्लॅट घेणाऱ्यांनी ताबा घेण्याआधी झाकण उघडायला लावावं आणि बादलीभर पाणी ओतून बघावं. खडी टाकतानाचे फोटो बिल्डरकडे मागा; वरून फरशी बसली की आतलं काहीच दिसत नाही. पुढची देखभाल मालकाची किंवा सोसायटीची. सोय केलीच नाही तर दर १०० चौरस मीटर बांधकाम क्षेत्राला वर्षाला १,००० रुपयांपर्यंत आकार लावता येतो. १,२०० चौरस मीटरच्या इमारतीला तो १२,००० पर्यंत जाईल.

बदल्यात मिळतं काय? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ४०० चौरस मीटर गच्चीवर २५ मिमी पाऊस पडला की १०,००० लिटर, एक मोठा टँकर. वाफ, गळती धरून त्यातलं आठ हजार तरी हाती लागतं.

आम्ही शेवटी सभेत ठराव करून गेटजवळ नवा खड्डा घेतला. आठव्या फुटाला मुरूम लागला. व्हॉल्व्हची चावी वॉचमनकाकांकडे दिली आहे आणि पहिल्या दोन पावसांत तो बाहेरच्या बाजूला उघडा ठेवायचा, असं मीटरच्या खोलीत खडूने लिहून ठेवलंय.